गोठा हलवायचा, की तळं बुजवायचं?

पत्र :

‘नमस्कार. आमच्या वस्तीच्या आरोग्य समितीची मी सचिव आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तापाची साथ आली. ११ जणांना डेंगी निघाला, पण त्याच्या दुपटीने लोक नुसत्याच तापाने आजारी होते. त्यांना काय झालं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता पुन्हा पाऊस तोंडावर आलाय आणि समितीत तीन तट पडलेत. काहींचं म्हणणं, वस्तीच्या कडेचा गुरांचा गोठा हलवा, डास तिथूनच येतात. काही म्हणतात, गोठ्यामागचं तळं बुजवा. उरलेल्यांना रोज संध्याकाळी धूरफवारणी हवी आहे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, गोठ्याचं पशुवैद्यांना विचारा. पशुवैद्य म्हणतात, माणसांचा ताप हा माझा विषय नाही. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणतात, आमच्याकडे यातलं काहीच येत नाही. गोठा ज्यांचा आहे ते काका माझ्या वडिलांचे जुने स्नेही. समितीत नोटिशीची भाषा सुरू झाल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नक्की कुणाचं बरोबर आहे? मी काय करू?

ता. क. गेल्या वर्षी साथीच्या थोडं आधी तळ्याकाठच्या झाडांखाली सात-आठ कावळे मेलेले दिसले होते. त्याचा याच्याशी संबंध नसेल, पण मनात राहिलं म्हणून लिहिलं.’

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तुम्ही ताजा कलमात घातलात, तोही माफी मागितल्यासारखा. कावळ्यांकडे मी येतोच. पण आधी समितीतला तंटा मिटवू, कारण पाऊस काही आपल्या बैठकांसाठी थांबणार नाही.

तुमच्या तिन्ही तटांचं एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत आहे : डास म्हणजे डास. माझं निम्मं आयुष्य डबक्यांतून अळ्या गोळा करण्यात गेलं. हे वाक्य ऐकलं की मला ‘जनावर म्हणजे जनावर’ म्हणत गाय आणि वाघ एकाच दाव्याला बांधल्यासारखं वाटतं. जगात डासांच्या ३,५०० च्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या मोजक्याच माणसाला आजार देतात आणि त्या मोजक्यांच्या सवयीही एकमेकींशी जुळत नाहीत. एकीला स्वच्छ पाणी लागतं, दुसरीला गटाराचं. एक दिवसाउजेडी चावते, दुसरी मध्यरात्री. एकीला माणूस आवडतो, एकीला गाय, एकीला पक्षी. (चावते ती फक्त मादी, म्हणून हे सगळं वर्णन स्त्रीलिंगी.) तेव्हा ‘डास कुठून येतात’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘कुठला डास’ असं विचारलं तर मात्र आहे.

त्या ११ जणांना झाला तो खरोखर डेंगीच असेल (या ‘असेल’कडे मला नंतर यायचं आहे), तर तो पसरवणारी एडिस इजिप्ती तुमच्या तळ्यावर फिरकतही नाही. तिला हवं असतं भांड्यातलं पाणी : पिंप, हौद, टाकी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, टाकून दिलेला टायर. अंडी ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. तुम्ही पाणी ओतून टाकलंत तरी अंडी तिथेच राहतात, महिनोन्‌महिने कोरडी पडून राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून पिंप रिकामं करणं हे अर्धंच काम झालं. ते आतून खसाखसा घासायला हवं. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं जे सांगतात, त्यामागे एवढंच गणित आहे.

ही मादी सहसा जन्मली तिथून शंभर-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढते. रक्त पिते तेही जवळजवळ फक्त माणसाचं. आणि डेंगीचा विषाणू गाईगुरांत वाढत नाही, वस्त्यांमध्ये त्याचा फेरा माणूस, डास, पुन्हा माणूस असाच चालतो. म्हणजे त्या ११ जणांसाठी गोठा हलवणं हे चोर घरात ठेवून शेजाऱ्याच्या दाराला कुलूप लावण्यासारखं आहे. गोठ्यात काही बघायचंच असेल तर गुरांच्या पाण्याचा हौद बघा. पण मग समितीच्या प्रत्येक सभासदाच्या गच्चीवरची टाकीही बघा, आणि आधी तीच बघा.

रोजच्या धुराबद्दल माझं मत कडू आहे. धूर निघतो, आवाज होतो, फोटो येतो, आणि काहीतरी झालं असं सगळ्यांना वाटतं. धुराने त्या क्षणी उडत असलेले डास मरतात. अंड्यांना, अळ्यांना, कोषांना त्याची झळही लागत नाही. एडिस तर पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत बसलेली असते आणि धूर रस्त्यावरून निघून जातो. साथ ऐन भरात असताना रुग्णाच्या घरात आणि आसपास नेमकेपणाने फवारलं तर थोडा उपयोग होतो. रोजची सवय लावलीत तर औषधाला न जुमानणारे डास तेवढे मागे उरतात. शिवाय ही औषधं मधमाश्यांना आणि तळ्यातल्या माशांना जितकी लागतात तितकी ती डासांना तरी लागतात का, असा प्रश्न मला कितीदा पडलाय.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट बहुतेक घरांत होत नाही, ती करून घ्या. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या दिवसांत त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. तो रुग्ण ज्या डासांना ‘भरून’ देतो, त्या साधारण आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार द्यायला तयार होतात. मच्छरदाणी इथे रुग्णासाठी कमी आणि घरातल्या इतरांसाठी जास्त आहे. तापावर पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस मलूल झाला तर घरी बसू नका. डेंगीत धोका बऱ्याचदा ताप उतरण्याच्या सुमारासच येतो आणि लोक नेमके तेव्हाच निर्धास्त होतात.

आता पाणीपुरवठ्याचे साहेब. ते म्हणाले, आमच्याकडे यातलं काहीच येत नाही. ताई, डेंगीसाठी तुमच्या त्या तिघांतून एकच माणूस निवड असं मला सांगितलं तर मी त्यांनाच निवडेन. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस पाणी साठवतो. साठवतो ते मिळेल त्या भांड्यात, बऱ्याचदा झाकणाशिवाय. म्हणजे पाण्याचं वेळापत्रक विस्कटलं की प्रत्येक घरात एडिससाठी एकेक खोली तयार होते. त्यांना औषध मागू नका. पाणी कुठल्या गल्लीत कोणत्या दिवशी येत नाही, एवढा कागद मागा. तो कागद आणि डॉक्टरांकडची ११ जणांची गल्लीवार यादी शेजारी ठेवून बघा. मला उत्तराचा अंदाज आहे, पण तुमचं तुम्ही बघितलेलं बरं.

इथवर वाचून गोठेवाल्या काकांची निर्दोष सुटका झाली असं वाटेल. तसंही नाही. डेंगीच्या खटल्यात ते सुटले, बाकीचे खटले शिल्लक आहेत.

हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीसच्या अनेक जाती माणसापेक्षा गुरांचं रक्त पसंत करतात. मग गोठा जवळ असणं चांगलं की वाईट? दोन्ही होतं. गुरं मधे असली तर काही डास त्यांच्यावर भागवतात आणि माणूस वाचतो. पण रोज पोटभर रक्त मिळालं की डासांची प्रजाही वाढते आणि ती वाढीव फौज माणसांच्या अंगावर येते. कुठला पगडा भारी ठरेल ते डासाच्या जातीवर आणि गोठा घरापासून किती लांब आहे त्यावर अवलंबून. मात्र ऐन डासांच्या दिवसांत गुरं एकाएकी उठवून नेणं ही सगळ्यात वाईट वेळ, कारण गुरांवर जगणाऱ्या डासांना त्या रात्रीही भूक लागलेली असते. पाकिस्तानात अफगाण निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये उलटाच प्रयोग झाला. गुरांच्या अंगाला डेल्टामेथ्रीन नावाचं कीटकनाशक लावलं, म्हणजे गाय हेच डासाचं सापळा-घर झालं. फॅल्सिपॅरम हिवतापाचं, म्हणजे हिवतापाच्या सगळ्यात जीवघेण्या प्रकाराचं, प्रमाण ५६ टक्क्यांनी उतरलं; २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले डास गुरांवर जाणारे होते म्हणून हे जमलं, हे विसरू नका. आणि असलं औषध काकांच्या गाईंना लावायचं तर पशुवैद्यांना विचारूनच, त्याचा अंश दुधात उतरू शकतो.

जपानी मेंदूज्वरात पुन्हा पट वेगळा. तिथे विषाणूचं घर बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतं, आणि डुकरांत तो झपाट्याने वाढतो. भाताच्या खाचरांत वाढणारी क्युलेक्स डासांची एक जात तो माणसापर्यंत आणते. गाईत तो पुढे पसरण्याइतका वाढत नाही; माणूस आणि घोडा आजारी पडतात, पण तेही त्याच्या वाटेवरचं शेवटचं टोकच. म्हणजे या आजारासाठी काकांच्या गाईंपेक्षा कुणाकडे डुकरं आहेत आणि ती झोपण्याच्या खोल्यांपासून किती अंतरावर आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात हा आजार पोहोचल्याचं कळलं ते डुकरांच्या फार्मांवरून. पिल्लं मेलेली जन्मत होती, माद्या गाभडत होत्या.

आफ्रिकेतला रिफ्ट व्हॅली ताप तर याहून स्पष्ट बोलतो. एडिसच्या काही जातींची अंडी गवताळ खोलगटांच्या मातीत वर्षानुवर्षं सुप्त पडून राहतात. अतिवृष्टी झाली, खोलगट भरले की ती फुटतात, आणि काही आठवड्यांत मेंढ्या कळपच्या कळप गाभडू लागतात. माणसं नंतर आजारी पडतात, त्यांतली बहुतेक आजारी जनावराचं रक्त-मांस हाताळल्यामुळे. २००६ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत ही साथ येणार असा इशारा उपग्रहावरून मिळालेल्या समुद्राच्या तापमानाच्या आणि हिरवळीच्या नोंदींवरून आधीच दिला गेला होता. आभाळ, माती, मेंढी, माणूस हा क्रम आहे. दवाखान्यात बसून वाट पाहणाऱ्याला फक्त शेवटचा गडी दिसतो.

आता कावळे.

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरू लागले. काही आठवड्यांनी तिथल्या रुग्णालयांत मेंदूला सूज आलेले रुग्ण येऊ लागले. प्रतिपिंडांच्या चाचणीवरून निदान झालं, सेंट लुइस मेंदूज्वर. त्याच सुमारास ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनमारा मेलेल्या पक्ष्यांची शवविच्छेदनं करत होत्या. त्यांना एक गोष्ट खटकत होती : सेंट लुइसच्या विषाणूने पक्षी मरत नाहीत. मग हे पक्षी कशाने मरताहेत? माणसांचा आजार आणि पक्ष्यांचा आजार एकच असेल तर निदान चुकलंय, असं त्या सांगत राहिल्या. त्यांचं बरोबर निघालं. तो पक्ष्यांत वाढणारा आणि डासांतून पसरणारा वेस्ट नाइल विषाणू होता, १९३७ मध्ये युगांडात पहिल्यांदा सापडलेला, आणि अमेरिका खंडांत तोवर कधी न दिसलेला. पहिली चाचणी फसली, कारण हे विषाणू एकाच कुळातले आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीतही उमटतात.

डेंगीही त्याच कुळातला. म्हणून मघाचं ते ‘असेल’. डॉक्टरांना भेटून विचारा, त्या ११ जणांचं निदान कशावरून झालं? सुरुवातीच्या दिवसांत थेट विषाणूचाच माग काढणारी एनएस१ किंवा पीसीआर चाचणी झाली असेल तर डेंगीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसत्या आयजीएम प्रतिपिंडांवरून झालं असेल तर ते बहुधा डेंगीच, पण दार किलकिलं ठेवा. आणि त्या दुप्पट लोकांचं काय, ज्यांच्या कागदावर नुसतं ‘ताप’ लिहून सोडून दिलं? चाचणी त्याच गोष्टीची होते जिची शंका येते. कावळ्यांची बातमी दवाखान्यात पोहोचलीच नसेल तर शंका येणार कुठून?

तुमचे कावळे वेस्ट नाइलनेच मेले असं मी म्हणत नाही. विषबाधा असेल, पक्ष्यांचा फ्लू असेल, दुसरंही काही असेल. कावळ्यांचा घोळका मेला की एवढं कळतं : कुणीतरी, त्याच दिवशी, तपासून घ्यायला हवं होतं. या वर्षी दिसले तर उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घाला, पक्षी दुहेरी पिशवीत बंद करा, तारीख आणि जागा लिहा आणि लगेच पशुवैद्यांना कळवा. शिळं शव तपासाला फारसं कामाचं राहत नाही. गाभडलेल्या वासराबाबतही हेच : हात लावण्याआधी पशुवैद्य.

पक्ष्यांचा आणि माणसांच्या तापाचा संबंध हे काही नवं खूळ नाही. लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीची पुढली अवस्था दिसली. पण तो परजीवी डासातून पुन्हा बाहेर कसा पडतो हे कोडं त्यांनी पुढच्या वर्षी कलकत्त्यात सोडवलं ते माणसांवर नव्हे, हिवताप झालेल्या पक्ष्यांवर. डासाच्या लाळग्रंथीत तो सापडला. माणसाच्या तापाची गुरुकिल्ली पिंजऱ्यातल्या पाखरांकडे होती. सैन्यातल्या एका डॉक्टरने ‘हा माझा विषय नाही’ म्हटलं असतं तर आपण आणखी काही काळ दूषित हवेलाच दोष देत बसलो असतो.

तळ्याचं उत्तर थोडं लांबवर सांगतो, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे. फार पूर्वी एका वस्तीला मी तळ्यात गंबुसिया मासे सोडायला सांगितलं. डासांच्या अळ्या खातात म्हणून त्यांची तेव्हा फार ख्याती होती. मासे फोफावले, अळ्या कमी झाल्या, मी खूश. दोन वर्षांनी तिथले लोक म्हणाले, पावसात बेडकांचा आवाज येत नाही. गंबुसिया बेडकांची अंडी, बेडूकमासे आणि दुसऱ्या माशांची पिल्लंही खातो, हे मी तोवर मनावर घेतलं नव्हतं. आणि बेडूक गेल्याने डासांचं काय होतं याचं उत्तर मध्य अमेरिकेने दिलं आहे. कोस्टा रिका आणि पनामात एका बुरशीने बेडकांचा सफाया होत गेला, आणि त्यापाठोपाठ त्या भागांत हिवताप वाढल्याचं संशोधकांना २०२२ मध्ये दिसून आलं. तेव्हा बाहेरचा मासा नैसर्गिक तळ्यात सोडू नका. बंद टाकीत, कारंज्याच्या हौदात ठेवायचे तर ठेवा, ओढ्याला मिळणाऱ्या पाण्यात नको.

जिवंत तळं, म्हणजे ज्यात मूळचे मासे, चतुरांच्या अळ्या, पाणभुंगे, बेडूक नांदताहेत असं, मधोमध फारसे डास होऊच देत नाही. त्रास असतो तो काठाला : उथळ, गवताळ कड, आणि पाणी प्यायला आलेल्या गुरांच्या खुरांचे खड्डे. प्रत्येक खुराचा ठसा म्हणजे एकेक वाटी पाणी, आणि त्यात ना मासा येतो ना चतुर. काठ थोडा खडा करून घ्या, गुरांना उतरायला एकच दगडी वाट ठेवा. तळं जलपर्णीने भरलं असेल तर ती मात्र काढाच. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून श्वास घेतात, पृष्ठभागावर येतच नाहीत. हत्तीरोगाचा एक प्रकार त्यांच्याकडून पसरतो. मूळ उपटलं की त्यांचा श्वासच संपला. काठच्या डबक्यांत अगदी औषध टाकायची वेळ आली तर बीटीआय नावाचं जिवाणूंपासून केलेलं अळीनाशक मागा. १९७६ मध्ये नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात तो जिवाणू सापडला. डासांच्या अळ्यांना तो मारतो, मासे, गुरं, माणसं यांना सोडतो.

आणि तळं बुजवलंत तर? पाऊस तेवढाच पडणार आहे. ते पाणी चाकोऱ्यांत, घरांच्या पायाशी, गटारात जाऊन बसेल. तुंबलेल्या घाण पाण्यात वाढणारी क्युलेक्सची दुसरी जात तुमचे आभार मानेल. गोठ्याच्या मूत-शेणाच्या पाण्यालाही हेच लागू आहे : ते वाहतं ठेवा किंवा शोषखड्ड्यात जिरवा. काकांना खरोखर सांगण्यासारखी गोष्ट असेल तर ही आहे, आणि त्यासाठी नोटीस लागत नाही.

ती नोटिशीची भाषा सोडून द्या. त्यात मी काकांची बाजू घेतोय असं वाटत असेल तर ब्राझीलचं ऐका. २०१६ च्या अखेरीपासून तिथे पीतज्वराची मोठी साथ आली. जंगलातली हाऊलर माकडं या तापाने फार लवकर मरतात, म्हणून माकडं मरू लागली की आरोग्य खातं त्या भागात लस घेऊन धावतं. पण लोकांनी घाबरून, माकडंच रोग देतात असं समजून, निरोगी माकडं मारली. रोग देत होते डास. गावाला सावध करणारी घंटाच लोकांनी फोडली. तुमच्या वस्तीत रोज पहाटे जनावरांना हात लावणारा, तळ्याकाठी जाणारा, कावळे कमी झाले की वाढले हे न विचारता सांगू शकणारा माणूस कोण आहे? तोच तुमच्याशी बोलत नाही. साथीच्या दृष्टीने मला यापेक्षा मोठा धोका तुमच्या पत्रात दिसत नाही.

माणूस, जनावर आणि पाणी-झाडं यांचं आरोग्य एकत्र बघण्याला हल्ली ‘वन हेल्थ’ म्हणतात, मराठीत एकात्म आरोग्य. तुमच्याकडचे तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात याचं फार वाईट वाटून घेऊ नका. जागतिक पातळीवरही माणसांचं आरोग्य, शेती-अन्न आणि जनावरांचं आरोग्य बघणाऱ्या तीन संस्था आधी एकत्र आल्या. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम त्यांच्यात रीतसर सामील झाला तो २०२२ मध्ये. पाण्या-झाडांच्या माणसाला बैठकीचं बोलावणं सगळ्यात शेवटी जातं, तिथेही आणि तुमच्याकडेही.

समितीने मोठा आराखडा करू नये. एक वही करावी. डाव्या पानावर आठवड्याची तारीख आणि पाऊस. त्याखाली चार ओळी : दवाखान्यात तापाचे किती आले आणि कशाची चाचणी झाली, गोठ्यात कुठलं जनावर तापलं, गाभडलं किंवा लडखडलं, मेलेले पक्षी कुठे दिसले, पाणी कुठे आलं नाही. उजव्या पानावर अळ्या. यासाठी पांढरी पळी आणि दोन चुणचुणीत मुलं पुरतात. पाणी उचला, थोडं थांबा, अळी स्थिर झाली की बघा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली तर अ‍ॅनॉफिलीस. डोकं खाली करून तिरकी लटकली तर क्युलेक्स किंवा एडिस. लटकलेली अळी पिंपात असेल तर एडिसचा संशय, गटारात असेल तर क्युलेक्सचा. नेमकी जात तज्ज्ञ सांगतील, पण कुठल्या तटाचं किती बरोबर आहे हे तुम्हाला महिनाभरात कळेल. वही दर पंधरा दिवसांनी डॉक्टर, पशुवैद्य आणि पाण्याचे साहेब या तिघांनी एकाच टेबलावर, एकाच वेळी वाचायची. तुमच्याकडून प्रत घेऊन आपापल्या केबिनमध्ये वाचायची नाही. तेवढा आग्रह धरा, वाईटपणा आला तरी.

वहीचं पहिलं पान मात्र समितीच्या खोलीत लिहू नका. उद्या-परवा सकाळी दूध काढून झालं की गोठ्यावर जा. सुरुवातीला काका मान वर करणार नाहीत, तरी बसा. गेल्या पावसाळ्यात कुठली गाय आजारी होती आणि ते कावळे नक्की कोणत्या आठवड्यात मेले, एवढंच विचारा आणि ते सांगतील तसं, त्यांच्या शब्दांत उतरवून घ्या. परत येताना तळ्याच्या काठावरून आणि त्यांच्या हौदातून एकेक पळी पाणी घ्या.

अळी आडवी होती की लटकलेली, ते मला कळवा.